पाण्याचा थेंब न घालता कुरकुरीत खेकडा भजी

पावसात गाड्यावरची भजी सगळेच खातात पण घरी केली की ती मऊ पडतात, ही तक्रार मी आमच्या गोव्यातल्या डिचोलीत इतक्या जणींकडून ऐकली की शेवटी लिहायलाच बसले. माझीही अगोदर तशीच व्हायची. जुलैतल्या एका रविवारी पाहुणे आले होते, बटाटवड्याला करतो तसं पीठ पाणी घालून भिजवलं आणि कांदा त्यात बुडवून तळला, चहा ओतून होईपर्यंत भजी लोळागोळा. खूप वाईट वाटलं होतं तेव्हा. नंतर आईने सांगितलं, कांद्यातच भरपूर पाणी असतं गो, तू वरून कशाला घालतेस?

तर सगळं त्या पाण्यावरच आहे. चार मध्यम कांदे घ्या, साधारण ४०० ग्रॅम. देठापासून मुळापर्यंत उभे चिरायचे, आडव्या चकत्या नकोत, आणि जाडी दोनेक मिलिमीटर. फार पातळ केला तर करपतो, जाड ठेवला तर आतून ओला राहतो. पाकळ्या बोटांनी सुट्या करून त्यावर एक छोटा चमचा मीठ टाकून हलकं चोळा आणि पंधरा मिनिटं तसाच ठेवा. मिठाने कांद्याचं पाणी बाहेर येतं, बघाल तर पाकळ्या चकचकीत दिसायला लागतात, वाकवल्या तर मोडत नाहीत आणि भांड्याच्या तळाला पाणी जमतं. ते पाणी फेकायचं नाही हां, पीठ त्यातच भिजतं.

आता अर्धा चमचा ओवा हातावर चोळून, पाव चमचा हळद, एक चमचा तिखट, हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर घाला. दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ, कुरकुरीतपणा त्यानेच येतो. बेसन मात्र एकदम ओतू नका, थोडं थोडं भुरभुरत मिसळत जा, मला साधारण एक वाटी लागतं, कधी कमी. कांदा पिठात बुडालेला दिसला तर पीठ जास्त झालं असं समजा, प्रत्येक पाकळीला नुसता लेप बसला पाहिजे आणि कांदा दिसला पाहिजे. आपल्याकडे पावसात बेसनाला दमटपणा येऊन गुठळ्या होतात म्हणून चाळून घ्याच. शेवटी एक मोठा चमचा कडकडीत तेल, की लगेच तळायला घ्यायचं. मिश्रण ठेवून दिलं तर कांदा पाणी सोडतच राहतो, मग परत बेसन, परत बेसन, आणि भजी जड होतात.

तेल तापलं का बघायला एक पाकळी टाका, खाली जाऊन बुडबुड्यांसकट सावकाश वर आली की बरोबर. टाकल्या टाकल्या लाल झाली तर गॅस कमी करा. भजी गोल वळायची नाहीत, बोटांनी विस्कटून सोडायची, पाकळ्या कुर्लीच्या म्हणजे खेकड्याच्या पायांसारख्या इकडेतिकडे पसरतात, खेकडा भजी नाव त्याच्यामुळेच. कढईत गर्दी नको, तेल थंड होतं आणि भजी तेल पितात. मध्यम आचेवर सहासात मिनिटं लागतात, घाई केली की बाहेरून रंग येतो आणि आत कच्चं. कानाने पण कळतं, सुरुवातीचा जोरात चर्र आवाज हळूहळू बारीक होतो, बुडबुडे कमी होतात, म्हणजे आतलं पाणी संपत आलं. तेव्हा काढा.

काढून चाळणीत ठेवा, एकावर एक रचू नका आणि झाकण तर अजिबात नको, वाफ कोंडली की पाच मिनिटांत सगळी मेहनत गेली. वर्तमानपत्रावर ठेवायची सवय असेल तर सोडा, शाई तेलात उतरते.

आमच्याकडे संध्याकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों पों ऐकू आला की गॅस पेटवायचा, गरम पाव घरात येईपर्यंत पहिला घाणा तयार असतो. पाव मधे फाडून त्यात भजी, तळलेली मिरची, बाजूला गोड चहा. सॉस मला नको वाटतो, ओव्याचा वासच जातो त्याने. उरली तर मायक्रोवेव्हमधे घालू नका, कोरड्या कढईत मंद आचेवर दोनतीन मिनिटं परता, परत बऱ्यापैकी कडक होतात.