अमेरिकन ४५ चा प्लेअर बेळगावात नीट गाता करायचा तर

कॅम्पातल्या आमच्या शेजाऱ्यांचे वडील मूळचे गोव्याचे, बोटीवर नोकरीला होते. त्यांनी अमेरिकेतून आणलेला छोटा रेकॉर्ड प्लेअर आणि चाळीसेक तबकड्या, घर रिकामं करताना त्यांच्या मुलानं मला दिल्या. प्लेअर फक्त ४५ च्या गतीचा, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणारा, मधोमध लिंबाएवढा जाड खुंट.

ही सात इंची, दीड इंची भोकाची तबकडी आरसीए व्हिक्टर ह्या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीनं १९४९ मध्ये काढली. एका बाजूला एकच गाणं. पुढची दहा वर्षं तिथली शाळाकॉलेजातली पोरं हीच विकत घ्यायची आणि ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकून हीच ऐकायची. एल्विस, चक बेरी, लिटल रिचर्ड हे रॉक अँड रोल गायक घराघरांत गेले ते हिच्यावरून. म्हणून मला ती गाणी मोबाईलवर नको होती, ह्याच यंत्रावर हवी होती.

पहिली गोष्ट, थेट प्लगला लावू नका. तिकडची वीज ११०-१२० व्होल्टची, आपली २३०. क्षणात मोटर जळेल. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या, आणि दोन वेगळ्या वाइंडिंगचा, म्हणजे आयसोलेशनवाला, असं दुकानात ठासून सांगा. त्या काळच्या काही प्लेअरचा लोखंडी सांगाडाच विजेच्या तारेला जोडलेला असायचा. हात लागला तर शॉक बसतो. जुने कंडेन्सर आधी जाणत्या मेकॅनिककडून बदलून घ्या. पैसे वाचवायची जागा ही नव्हे.

मी एवढं सगळं केलं, एल्विस लावला, तर आई आतून म्हणाली, "हा झोपेत गायलाय काय रे?" खरंच जडावलेला, ओढलेला आवाज. आठवडाभर मी मोटरला तेल देत बसलो. चूक तेलात नव्हतीच. ही मोटर विजेच्या सायकलवर, म्हणजे हर्ट्झवर चालते: तिकडे सेकंदाला ६०, इकडे ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, सायकल बदलत नाही. त्यामुळे तबकडी ४५ ऐवजी मिनिटाला साडेसदतीसच फेरे घेते. पन्नासचं दशक ऐकायला बसायचं आणि त्यातली सगळी धावपळ, सगळा उत्साहच गायब, ह्यासारखं वाईट नाही.

उपाय आपल्या गावात आहे. मोटरच्या दांड्याचा रबरी चाकाला टेकणारा भाग व्हर्नियरनं मोजा आणि १.२ नं गुणा. दांडा ५ मिमीचा असेल तर ६ मिमी हवा. उद्यमबागेत, आपल्या कारखान्यांच्या भागात, लेथवाल्यांची कमी नाही. त्या मापाची, दांड्यावर घट्ट बसणारी पितळी नळी करून घ्या. आतलं भोक अगदी मधोमध हवं, हे दोनदा सांगा. केसभर जरी सरकलं तरी सूर डुगडुगतो. माझी पहिली नळी त्यापायीच टाकावी लागली. रबरी चाक कडक झालं असेल तर तेही बदला.

मग तबकडीच्या कडेला कागदाची चिठ्ठी लावून फेरे मोजा: २० सेकंदांत १५ झाले की जमलं. ५० सायकलवर मोटर जास्त तापते, म्हणून चार-पाच गाण्यांनी बंद करून थंड होऊ द्या.

तबकड्या धुवायला पाणी, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब आणि मऊ फडकं पुरे. खाचांच्या दिशेनंच पुसा, लेबल भिजवू नका. स्पिरिट अजिबात नको, कारण काही ४५ च्या तबकड्या स्टायरीन नावाच्या प्लास्टिकच्या असतात. सुई मात्र नवीच हवी. घासलेली सुई स्टायरीन एका बैठकीत खरवडते.

आपल्या पावसात तबकड्यांना बुरशी धरते. कागदी पाकिटं जूनआधी बदला, तबकड्या उभ्या ठेवा, आणि बाहेरच्या ओल्या भिंतीपासून कपाट हातभर पुढे ओढा.