इम्प्लांटची धास्ती वाटते? ऑपरेशनआधी ही तयारी करा

दाताच्या खुर्चीची भीती वाटणारा माणूस सहसा ते बोलून दाखवत नाही. आमच्या दवाखान्यात येणाऱ्या एक काकू छान गप्पा मारायच्या, पण ट्रेमधली हत्यारं वाजली की त्यांच्या बोटांत पदराचा पीळ घट्ट होत जायचा. इम्प्लांट (गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू) चार दिवसांवर आलं तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "मला गुंगी देऊन करता येईल का हो?" हा प्रश्न पहिल्याच भेटीत यायला हवा. म्हणून तपासणीच्या दिवशीच डॉक्टरांना भीतीबद्दल सांगा, आणि नेमकी कशाची ते सांगा: सुईची, ड्रिलच्या आवाजाची, की तोंडात पाणी साठून गुदमरायला होईल याची.

गुंगी आणि भूल यांत गल्लत करू नका. हिरडी बधिर करणारं इंजेक्शन प्रत्येकालाच घ्यावं लागतं आणि दुखणं थांबतं ते त्यानेच. गुंगीचं औषध मन शांत करतं. काकूंना हे कळल्यावर त्यांची निम्मी धास्ती तिथेच गेली, कारण ड्रिल चालू असताना गुंगी उतरली तर दुखेल, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

पर्याय मुख्यतः तीन. पहिला नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या होरेस वेल्स या दंतवैद्याने 1844 साली हाच वायू घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली होती. आता तो ऑक्सिजनमध्ये मिसळून नाकावरच्या मास्कमधून देतात, आणि मास्क काढल्यावर काही मिनिटांत त्याचा अंमल ओसरतो. मात्र सर्दीने नाक चोंदलं असेल तर उपयोग होत नाही, आणि वरच्या पुढच्या दातांचं काम असेल तर मास्क आड येतो. दुसरा पर्याय गोळीचा. ती साधारण तासभर आधी घ्यायची. सोपी आहे, पण एकदा पोटात गेली की कमी-जास्त करता येत नाही, आणि गुंगी बराच वेळ रेंगाळते. तिसरा पर्याय शिरेतून दिलेलं औषध, बहुधा मिडॅझोलाम. ते थेंबाथेंबाने वाढवता येतं, हाक मारली तर तुम्ही ओ देता, आणि नंतर बहुतेक गोष्टी आठवतही नाहीत. भीती फार असेल आणि एकाच बैठकीत तीन-चार इम्प्लांट बसवायचे असतील, तर मी शिरेतल्या औषधाच्याच बाजूने बोलेन. पण त्याआधी विचारून घ्या: भूलतज्ज्ञ येणार आहेत का, बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र, ऑक्सिजन सिलिंडर आणि मिडॅझोलामवर उतारा म्हणून फ्लुमाझेनिल हे औषध तिथे आहे का? हे विचारण्यात संकोच कसला! चांगल्या डॉक्टरला अशा प्रश्नाचा राग येत नाही.

घरी असलेली सगळी औषधं एका पिशवीत भरून न्या. बीपीची, साखरेची, रक्त पातळ करणारी, झोपेची, काढे आणि आयुर्वेदिक गोळ्यासुद्धा. वजनासाठी किंवा मधुमेहासाठी आठवड्याचं इंजेक्शन चालू असेल तर ते आवर्जून सांगा, त्याने पोट सावकाश रिकामं होतं. कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका, विशेषतः रक्त पातळ करणारी. रात्री जोरात घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, काचबिंदू आहे का, दारू किती होते, हे लपवलं तर धोका तुम्हालाच. गुटख्यामुळे तोंड कमी उघडत असेल तर तेही आधीच दाखवा.

उपाशीपोटाच्या बाबतीत सर्वाधिक चुका चहापायी होतात. शिरेतून औषध घ्यायचं असेल तर जड जेवण आठ तास आधी, हलकं खाणं सहा तास आधी आणि साधं पाणी दोन तास आधी थांबवा. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, तो खाण्यातच मोजायचा. "अर्धाच कप घेतला" म्हणणाऱ्यांना आम्ही परत पाठवलंय, आणि पुन्हा तसं झालं तरी पाठवू. मधुमेह असेल तर सकाळची पहिली वेळ मागा. नुसत्या वायूसाठी उपास इतका कडक नसतो.

संमतीपत्र आदल्या दिवशीच घरी आणून निवांत वाचा, आणि सही गुंगीच्या आधीच करा. त्या दिवशी कपडे सैल हवेत, बाही दंडापर्यंत सरकावी अशी. बोटांवरचं नेलपॉलिश काढा, त्याने ऑक्सिजनचं यंत्र चुकीचे आकडे दाखवू शकतं.

सोबतीला मोठं माणूस हवंच, आणि ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत थांबणारं हवं. नुसती रिक्षा बोलावून जाऊ म्हणणाऱ्याला शिरेतलं औषध किंवा गुंगीची गोळी देऊ नये, या मताचा मी आहे. पुढचे चोवीस तास गाडी चालवू नका, गॅसजवळ उभं राहू नका, महत्त्वाच्या कागदावर सही करू नका, दारू तर नाहीच. ओठ बधिर आहे तोवर गरम काही तोंडाला लावू नका, चटका कळत नाही. रात्री सोबतीच्या माणसाला जवळच झोपू द्या, आणि बाथरूमला जाल तेव्हा कडी आतून लावू नका.