मुलाला मानसोपचार हवाय? ठाणेकर पालकांनो, या चुका टाळा

माझा भाचा आठवीत असताना रोज सकाळी शाळेच्या वेळेला पोट धरून बसायचा. सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी तपासून झाली, सगळं नॉर्मल. रविवारी पोट ठणठणीत. संध्याकाळी डबा उघडला की पोळीची घडीसुद्धा मोडलेली नसायची. "नाटकं करतोय" म्हणण्यात आमचे सात महिने गेले. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. मुलांची चिंता बऱ्याचदा पोटदुखी, डोकेदुखी होऊनच बाहेर येते. झोप, भूक, मित्र, अभ्यास यांतला बदल दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर "परीक्षा होऊ दे, मग बघू" म्हणू नका.

दुसरी चूक आपल्या जिभेवरची. "याला ठाण्याला भरती करा" हा टोमणा आपण मुलांदेखत मारतो. इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं, तेव्हा टोमणाही जुनाच. पण भाच्याने ताईला विचारलं, "मला तिथेच ठेवणार का गं?" तेव्हा तिला उत्तर सुचेना. मुलाला आधीच सांगा, की बहुतेकांना भरती व्हावं लागत नाही, डॉक्टरांशी बोलून घरी यायचं असतं. कळव्याच्या महापालिका रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे. तिथे केसपेपर काढून दाखवता येतं.

समुपदेशक औषध देत नाहीत. औषध लागलं तर ते मानसोपचारतज्ज्ञ लिहून देतात. काही गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, त्यामुळे आठ दिवसांत "फरक नाही" म्हणून किंवा जरा बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करू नका.

तपासणीत सगळं आपणच बोलायचं, हीही चूक. आम्ही तेच केलं. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवलं, तेव्हा कुठे व्हॅनमधल्या मोठ्या मुलांचा त्रास त्याच्या तोंडून निघाला.

अपॉइंटमेंट लांबची मिळाली तर १४४१६ वर फोन लावा. ही २०२२ साली सुरू झालेली सरकारी टेलिमानस सेवा आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही. मात्र मूल "मला जगायचंच नाही" म्हणालं, तर "लक्ष वेधून घेतोय" असं समजून सोडू नका. त्याला एकटं ठेवू नका, घरातल्या गोळ्या, फिनेल कुलपात टाका आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, कॅज्युअल्टी गाठा.