झाडाला आपोआप पाणी घालणारं मशीन कसं बनवायचं (आणि खालच्या काकूंच्या कुरडया कशा वाचवायच्या)

घरातलं पोरगं सुट्टीत म्हणालं की मी झाडांना आपोआप पाणी घालणारं मशीन बनवतो, तर बनवू द्या, फक्त बादली कुठे ठेवणार ते आधी विचारा. का ते खाली सांगतो.

सामान फार नाही. आर्डुइनो ऊनो (कोड भरून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड), मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर, एक रिले मॉड्यूल (आर्डुइनोच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच), पाण्यात बुडणारा 5 व्होल्टचा छोटा पंप, बारीक नळी, जंपर वायरी आणि पंपासाठी मोबाइलचा एखादा जुना चार्जर. सेन्सर कॅपॅसिटिव्ह (ज्याचा धातू मातीला उघडा लागत नाही असा) घ्या, तो दोन काट्यांचा स्वस्तवाला नको, त्याच्या काट्यांतून ओल्या मातीत करंट जातो आणि ते झिजून गंजून जातात. पंप डायरेक्ट आर्डुइनोच्या पिनला लावायचा मोह आवरा, पिनकडून 20 मिलिअँपपेक्षा जास्त मागू नये आणि पंपाला शंभराच्या वर लागतात, म्हणून तर मध्ये रिले. पंपाची वायर रिलेच्या एनओ टोकाला (रिले बंद असताना तुटलेलं असतं ते), एनसीला (तेव्हा जोडलेलं असतं ते) नाही.

आता आकडे. सेन्सर आधी कोरडा हवेत धरून रीडिंग लिहून घ्या, मग ग्लासातल्या पाण्यात त्याच्यावरच्या रेषेपर्यंतच बुडवून परत घ्या. रीडिंग 0 ते 1023 मधलं येतं आणि कोरड्याला जास्त, ओल्याला कमी, इथे पोरं हमखास उलटं धरतात आणि मशीन ओल्या कुंडीलाच पाणी पाजत बसतं. दुसरी गंमत रिलेची, बाजारातले बरेचसे मॉड्यूल पिन लो (0 व्होल्ट) केल्यावर चालू होतात, त्यामुळे कोडच्या सेटअपमध्ये (सुरुवातीला एकदाच चालणारा भाग) पिन आउटपुट करायच्या आधीच हाय (5 व्होल्ट) लिहा, नाहीतर लाइट जाऊन आली की पंप उगाच एक उचकी देतो.

आमच्या भाच्याने हे सगळं बरोब्बर केलं होतं बरं का. सातवीतलं पोरगं, कोड एकदम नीट, रिले टक् वाजला, पंप सुरू, तुळशीत पाणी, आजीने टाळ्या वाजवल्या, परत टक्, पंप बंद. पाणी मात्र चालूच! त्याने चार्जर उपटला, पाणी चालू, आर्डुइनोची वायर काढली तरी चालू, मग पठ्ठ्याने धावत जाऊन घराचा मेन स्विच पाडला, आजीची सीरियल गेली, पाणी आपलं चालूच. तोपर्यंत गॅलरीच्या पन्हाळीतून ते खालच्या काकूंनी वाळत घातलेल्या कुरडयांवर पोचलं होतं आणि काकू जिन्यात उभ्या, "अहो, पाऊस फक्त तुमच्याच गॅलरीत पडतोय का?" शेवटी आजीने शांतपणे नळी बादलीतून बाहेर ओढली.

झालं होतं काय, तर बादली स्टुलावर आणि कुंडी खाली जमिनीवर. नळी एकदा पाण्याने भरली आणि तिचं बाहेरचं तोंड बादलीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असलं की वीज असो नसो, पाणी वाहतच राहतं, हा सायफन. पूर्वी ड्रममधून रॉकेल काढायला नळी तोंडाने ओढायचे, तेच हे. आणि हा छोटा पंप म्हणजे नळाची चावी नव्हे, बंद असला तरी त्याच्या आतून पाणी आरामात जातं.

उपाय दोन. बादली खाली आणि कुंडी वर ठेवा, म्हणजे नळीचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर राहील. जागा नसेल तर बादलीच्या आतच, पाण्याच्या वर, नळीला सुईने एक बारीक भोक पाडा, पंप बंद झाला की तिथून हवा शिरते आणि धार तुटते, पंप चालू असताना भोकातून थोडं पाणी उडतं पण ते बादलीतच पडतं.

कोडमध्ये पंप एका वेळी तीनेक सेकंदच चालवा आणि मग दहा मिनिटं थांबा, कारण पाणी मुरून सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो. दिवसाची लिमिटही घाला. मांजराने सेन्सर मातीतून उपटला तर मशीनला वाटतं दुष्काळ पडला. बादलीऐवजी दोन लिटरची बाटली वापरा, सगळं फसलं तरी दोनच लिटर जाणार, फक्त ती रिकामी होऊ देऊ नका, पंप कोरडा चालला की जळतो. आणि पहिली टेस्ट बाथरूममध्ये घ्या, गॅलरीत नको, त्यातून वाळवणाच्या दिवसांत तर नकोच.