घरी बांधलेली शिडाची बोट समुद्रात नेण्याआधी: महिनाभर खाडीत

प्लाय आणि इपॉक्सीची बोट शेडमधून बाहेर पडली की पहिला मोह मांडव्याचा होतो. तो महिनाभर आवरा. नव्या बोटीत पाणी कुठून येतं हे खाडीत कळलं तर काठ जवळ असतो. 1960च्या दशकात मुंबईत बांधलेली ‘सुहैली’ ही सागवानी बोट 1968-69 मध्ये एकट्या खलाशाला घेऊन कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. तीही कीलजवळच्या (बोटीच्या तळाच्या कण्याजवळच्या) सांध्यातून गळत होती आणि तो सांधा भर समुद्रात, पाण्यात उतरून बुजवावा लागला होता.

सुरुवात जमिनीवरच होते. पाण्याच्या रेषेखाली किती भोकं आहेत ते मोजून कागदावर लिहा: इंजिन थंड ठेवणारं पाणी, सिंक, टॉयलेट, खोली मोजणारा इको साउंडर. प्रत्येक भोकाला काशाचा सीकॉक, म्हणजे पाणी बंद करणारा व्हॉल्व्ह हवा. नळाच्या दुकानातला पितळी व्हॉल्व्ह दिसायला तसाच असतो, पण खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त झिरपून जातं, उरलेला धातू गुलाबी आणि ठिसूळ होतो आणि एक दिवस हातात तुटून येतो. प्रत्येक पाइपच्या टोकाला दोन क्लिपा लावा आणि सीकॉकशेजारी त्याच मापाची निमुळती लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवा. बाथरूमचं सिलिकॉन इथे चालत नाही, पॉलीयुरेथेन किंवा पॉलीसल्फाइड सीलंटच वापरा.

डेकवरच्या बोल्टांची गोष्ट वेगळी. तिथून आलेलं पाणी बोट बुडवत नाही, प्लायचा गाभा कुजवतं, आणि ते दोन पावसाळ्यांनंतर कळतं. म्हणून 8 मिमीच्या बोल्टसाठी आधी 14 मिमीचं भोक पाडा, घट्ट केलेल्या इपॉक्सीने ते भरा आणि सुकल्यावर त्यातून 8 मिमीचं भोक पाडा. मग पाणी शिरलं तरी लाकडाला लागत नाही. हे काम पावसाळ्यात केलं असेल तर इपॉक्सीवर मेणचट, चिकट थर आलाय का पाहा. दमट हवेत हार्डनरमुळे तो येतो आणि पुढचा कोट धरू देत नाही. तो आधी साध्या पाण्याने आणि घासणीने धुवा, मगच पॉलिश पेपर मारा. उलटा क्रम केलात तर तोच थर घासून सगळीकडे पसरतो.

डेक तपासायला नळी पुरते. आत वर्तमानपत्रं पसरा आणि एकेका फिटिंगवर दहा मिनिटं पाणी सोडा, सुरुवात खालून करून वर चढत. वरून सुरू केलं तर ओघळ सगळीकडून येतात आणि दोषी कोण ते कळत नाही.

बोट पाण्यात कधी सोडायची याचा हिशेब पंचांगावर करता येतो. तिथीला पाऊणने गुणा, साधारण भरतीची वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. हा झाला ढोबळ अंदाज. नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटी तक्त्यातून घ्या. तक्ता अपोलो बंदराचा असतो आणि खाडीत आत भरती त्यानंतर येते, हे लक्षात ठेवा. उतार उथळ असेल तर उधाण लागतंच, पण उधाणाच्या ऐन शिखरावर बोट उतरवू नका. तिथे अडकली तर पुढची प्रत्येक भरती आदल्या दिवसापेक्षा कमी चढते आणि बोट पंधरा दिवस चिखलात बसते. चतुर्दशी किंवा अमावास्या धरा, म्हणजे पुढचे एक-दोन दिवस पाणी वाढत राहतं. भरती चढत असतानाच उतरवा.

पाण्यात गेल्यावर बिल्ज, म्हणजे बोटीच्या आतला सर्वांत खालचा भाग, कोरडं पुसा, 24 तास काहीही न करता बोट तशीच ठेवा आणि मग पाहा. पाणी सापडलं तर ते खारं की गोडं हे ठरवायचं असतं. परदेशी पुस्तकं चव घ्यायला सांगतात, ठाण्याच्या खाडीत तो सल्ला विसरा. स्टीलच्या चमच्यात थेंबभर घेऊन आचेवर आटवा. पांढरा थर राहिला तर खाडीचं, नाही राहिला तर पावसाचं किंवा टाकीचं. सलग सात दिवस बिल्ज कोरडं राहीपर्यंत बंदराबाहेर जाऊ नका.

आता पूल. ठाण्याहून निघालात तर ऐरोलीचा, मग वाशीचे रस्त्याचे आणि रेल्वेचे, शेवटी अटल सेतू. बेलापूर-नेरूळकडून निघालात तरी अटल सेतू चुकत नाही. डोलकाठीची उंची भरलेल्या बोटीच्या पाण्याच्या रेषेपासून मोजा, टोकावरचा दिवा आणि अँटेना धरून. नकाशावर पुलाखालची मोकळी जागा मोठ्या भरतीच्या पातळीपासून दिलेली असते, तर खोली नीचतम ओहोटीच्या पातळीपासून. दोन्ही आकड्यांचं शून्य वेगळं आहे, ही चूक फार होते. किमान एक मीटर अंतर राखा. विजेच्या तारांखाली त्याहून बरंच जास्त, कारण तिथे काठी तारेला टेकावी लागत नाही, वीजच उडी मारते.

अडचण अशी की ओहोटीला काठी सुटते पण कील चिखलाला लागते, आणि भरतीला उलटं होतं. म्हणून खाडीत बांधणाऱ्याने डोलकाठी बिजागरीवर आडवी करण्याची सोय पहिल्या दिवसापासून ठेवावी. काठी आडवी असेल तर भरती पूर्ण होण्याच्या थोडं आधी निघा. तेव्हा खोली भरपूर असते आणि उरलासुरला प्रवाह समोरून असतो. समोरच्या प्रवाहात बोट थांबवता येते, मागून आला तर तो खांबावर नेऊन आपटतो. भरतीच्या मधल्या वेळी पुलाखाली जाऊच नका. पाणी सहा तासांत बारापैकी 1, 2, 3, 3, 2, 1 असे भाग चढतं. फरक 4.2 मीटरचा असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी 105 सेंमी, आणि ओढही तेव्हाच सर्वांत जास्त.

खाडीतल्या प्लास्टिकच्या पिशव्या इंजिनाचं पाणी बंद करतात. इंजिन सुरू करताच एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का ते पाहा. नसेल तर लगेच बंद करा, पाणी खेचणाऱ्या पंपातला रबरी पंखा, म्हणजे इम्पेलर, कोरडा फिरला की लवकर फाटतो. दोन जादा इम्पेलर आणि एक धारदार चाकू जवळ ठेवा.

नांगर चिखलाला धरणारा, रुंद सपाट पात्यांचा घ्या. साखळी-दोरीची लांबी भरतीच्या खोलीवर मोजा: ओहोटीला 2 मीटर, भरतीने चढणारे 4, डेकची उंची 1, म्हणजे 7. त्याच्या पाचपट म्हणजे 35 मीटर सोडा. ओहोटी लागली की बोट फिरते, तेव्हा मागे तिवरं किंवा दुसरी बोट येणार नाही ना ते आधीच पाहा.

शिडं पहिल्यांदा सौम्य वाऱ्यात चढवा. डोलकाठीच्या नव्या तारा ताणल्या जातात, म्हणून पहिल्या वीसेक तासांनंतर त्यांचे टर्नबकल (ताण देणारे स्क्रू) पुन्हा आवळा आणि पिना घाला. बोट 15-20 अंश कलल्यावर वाऱ्याआडच्या तारा लोंबायला लागल्या तर ताण कमी आहे. केबिनचं दार तेव्हाच अडकायला लागलं, तर बोटीचा सांगाडा वाकतोय. तो दोष तारांचा नाही, चेनप्लेटखालची (तारा बोटीला जोडणाऱ्या पट्टीखालची) फळी पाहा.

इतकं झालं की बंदर ओलांडा, ऑक्टोबर ते मे या काळात, पहाटे जमिनीकडून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर. दुपारी वायव्येचा खारा वारा सुटतो आणि नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) लाटा येतात, तोवर मुक्कामाला पोचलेलं बरं. ट्रॉम्बे, तेलवाहू जहाजांचे धक्के आणि नौदलाचा परिसर दुरून टाळा. मासेमारीच्या डोल जाळ्यांच्या काठ्यांवर रात्री दिवा नसतो, म्हणून पहिली फेरी उजेडातच संपवा. व्हीएचएफ रेडिओ चॅनल 16वर ठेवा आणि तटरक्षक दलाचा 1554 क्रमांक केबिनच्या दारावर रंगवून ठेवा, ओल्या हाताने फोन उघडून शोधायची वेळ येऊ नये.