घरात चोर शिरला तर हात कुठवर उचलावा

रात्री दाराला कडी होती की नव्हती, यावर चोर आत येतो की नाही एवढेच ठरत नाही. उद्या खटला उभा राहिला तर स्वतःला वाचवण्याचा तुमचा हक्क किती मोठा होता, हेही त्या कडीवरून ठरू शकते. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात चोऱ्यांची बोंब उठली की गल्लोगल्ली गस्त सुरू होते, उशाला काठी-कोयता येतो, आणि ‘घरात शिरलेल्याला मारले तरी गुन्हा नाही’ असे कुणीतरी छातीठोक सांगतो. हे अर्धेच खरे आहे.

१ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागते. खासगी बचावाचा हक्क तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. त्याआधीच्या घटनेला जुन्या दंड संहितेची ९६ ते १०६ ही कलमे. कायदा बेळगावात आणि कोल्हापुरात एकच आहे. वेगळी आहे ती पोलीस ठाण्यातली आणि कोर्टातली भाषा, तिच्याबद्दल शेवटी.

जीव जाईपर्यंत बळ केव्हा चालते

शरीरावरचा हल्ला कलम ३८ मध्ये येतो. समोरच्याच्या हल्ल्याने मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती असेल, बलात्कार किंवा अनैसर्गिक अत्याचाराच्या हेतूने हल्ला असेल, पळवून नेण्यासाठी असेल, अ‍ॅसिड टाकले जात असेल किंवा टाकण्याचा प्रयत्न होत असेल, किंवा पोलिसांपर्यंत पोहोचताच येणार नाही अशा रीतीने डांबून ठेवण्यासाठी हल्ला असेल, तर हल्लेखोराचा जीव गेला तरी हक्क टिकतो. जबर दुखापत म्हणजे नुसता मार नव्हे. हाड मोडणे, दात पडणे, डोळा किंवा कान कायमचा जाणे अशी तिची यादी कलम ११६ मध्ये दिली आहे. दोन थोबाडीत बसतील ही भीती तिथे बसत नाही.

मालमत्तेसाठी कलम ४१ आहे, आणि सगळा घोटाळा इथेच होतो. त्यात चारच प्रसंग आहेत: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या किंवा माल ठेवण्याच्या इमारतीला, तंबूला अथवा नौकेला आग किंवा स्फोटकाने केलेले नुकसान, आणि ज्यातून मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटते अशी चोरी, आगळीक (मुद्दाम केलेली नासधूस) किंवा घरातली घुसखोरी. बाकी सगळ्याला कलम ४२. अडवा, ढकला, गरजेपुरते मारा. जीव घ्यायचा नाही.

आता कडीचा मुद्दा. घरफोडी म्हणजे घरात शिरणे नव्हे, विशिष्ट रीतीने शिरणे. कुलूप उघडून, आतून लावलेली कडी काढून, भिंतीला भोक पाडून, भिंत चढून, माणसाने ये-जा करायची नसते अशा वाटेने, किंवा आत येताना वा बाहेर पडताना मारहाण करून. कौले काढून आढ्यावरून उतरलेला चोर घरफोडी करतो. खिडकीच्या गजांतून हात घालून खिट्टी सरकवणाराही, कारण शरीराचा कोणताही भाग आत आला की प्रवेश झाला असे कायदा मानतो. पण सोप्याचे दार सताड उघडे होते आणि कोणी सरळ चालत आत आला, तर ती घरात घुसखोरी झाली, घरफोडी नाही. मग चौथा प्रसंग, म्हणजे जिवाची किंवा जबर दुखापतीची भीती, दाखवावा लागतो. दारू पिऊन शिव्या द्यायला उंबऱ्याच्या आत आलेला भाऊबंद सहसा या वर्गातला.

परड्याच्या कुंपणावरून उडी मारून आलेला माणूसही अजून घरफोडीत येत नाही. परडे ही इमारत नाही. तो गोठ्याचे किंवा खताच्या खोलीचे कुलूप तोडू लागला, की चित्र बदलते. माल ठेवण्याची इमारतही ‘घर’ या व्याख्येत बसते.

हक्क असला तरी मोजमाप आहे

वरचे चार प्रसंग म्हणजे सरसकट मोकळीक नव्हे. कलम ३७ सगळ्यांवर चालते: बचावाला लागते त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हक्कच नाही. रात्री कौले काढणारा निःशस्त्र पोरगा आणि पहार घेऊन अंगावर येणारा माणूस, दोघे घरफोडी करणारेच, पण त्यांना लागणारे बळ एक नाही. खिडकीतून आलेल्या हातावर काठी मारणे पुरेसे असताना कुऱ्हाड चालवली, तर तोच प्रश्न विचारला जाईल.

सर्वोच्च न्यायालयाने १९५२ च्या अमजद खान प्रकरणापासून सांगितले आहे की त्या क्षणी सापडलेल्या माणसाच्या जागी राहून परिस्थिती पाहायची, सूक्ष्मदर्शक लावून नव्हे. २०१० च्या दर्शन सिंग विरुद्ध पंजाब या निकालात सगळी तत्त्वे एकत्र मांडली आहेत. अचानक हल्ला झालेल्या माणसाने पळूनच जायला हवे असे नाही, पण सूड उगवण्यासाठी हा हक्क वापरता येत नाही. भांडण स्वतः उकरून काढणाऱ्यालाही तो मिळत नाही.

हद्द चांगल्या हेतूने, ठरवून न करता ओलांडली गेली, तर कलम १०१ च्या दुसऱ्या अपवादाने खुनाचा सदोष मनुष्यवध होतो. शिक्षा कमी होते, पण सुटका नाही. कलम १०५ मध्ये जन्मठेपेपर्यंत तरतूद आहे.

चोर वळला की

टिकणारा बचाव आणि न टिकणारा बचाव यांतला फरक बहुतेकदा काही सेकंदांचा असतो. रात्रीच्या घरफोडीविरुद्धचा हक्क (कलम ४३) ती घुसखोरी चालू असेपर्यंतच आहे. चोर दाराबाहेर पडून पळत सुटला की जीव घेण्याचा हक्क संपला. दागिने घेऊन पळत असेल तर ते परत मिळवण्यापुरते बळ वापरता येते, पण साध्या चोरीत ते मारण्यापर्यंत जात नाही. शवविच्छेदनात जखम पाठीवर किंवा डोक्याच्या मागच्या बाजूला निघाली, किंवा खाली पडल्यानंतरचे चार-पाच घाव दिसले, की ‘माझ्यावर धावून आला’ हे कुणी मानत नाही.

गल्लीने पकडलेल्या चोराला खांबाला बांधून मारणे हा तर बचावच नाही. पकडण्याचा हक्क आहे: तुमच्या डोळ्यांसमोर अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) आणि दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) गुन्हा करणाऱ्याला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ४० ने अडवून ठेवता येते, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. तो तुमच्या ताब्यात मेला तर दोरी बांधणारा, काठी मारणारा आणि हो म्हणणारा, सगळे आरोपी होऊ शकतात.

शेत, ऊस आणि कुंपणाची तार

शेतातल्या साध्या चोरीसाठी आणि बांधाच्या वादासाठी कुणाचा जीव घेण्याचा हक्क नाही. उभा ऊस पेटवला तरी तो इमारत किंवा तंबू नव्हे, म्हणून आगीचा प्रसंग लागत नाही. गवताच्या गंजीचेही तेच. चारा-अवजारे भरलेला गोठा किंवा ऊसतोड मजुरांची कोपी पेटवली तर लागतो. मोजणीला किंवा जप्तीला आलेला सरकारी माणूस हुद्द्यावर राहून सद्भावनेने काम करत असेल, तर जिवाची किंवा जबर दुखापतीची भीती नसताना त्याच्यावर हात उचलायला हा हक्क नाही, मग त्याचे काम कायद्याने थोडे चुकीचे का असेना. तक्रार कोर्टात न्यायची.

रानडुक्कर, चोर, भटके जनावर यांच्यासाठी रात्री कुंपणात उघडी वीज सोडणे सगळ्यात वाईट. १९६४ च्या चेरुबिन ग्रेगरी प्रकरणात संडासाभोवती उघडी तार लावून वीज सोडणाऱ्याला, आत येऊन मेलेली बाई अनधिकृत शिरली होती हे मान्य असूनही, निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल दोषी धरले गेले. तार समोर कोण आहे हे पाहत नाही. बचाव हा डोळ्यांनी धोका पाहून करायचा असतो. आज हाच गुन्हा न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. भिंतीमागे लपवलेल्या फाशांना आणि खड्ड्यातल्या खिळ्यांना हाच धडा लागू.

रात्र येण्याआधी

आतून कडी-कोयंडा आणि आडणा दोन्ही वापरा. परड्यात दिवा ठेवा. अंधारात ओळख न पटता मारलेला घाव घरच्याच मुलावर पडू शकतो, आणि गैरसमजातून झालेल्या हल्ल्याविरुद्धही समोरच्याला बचावाचा हक्क असतो (कलम ३६). कौलारू घरात माळ्याला आतून कडीची झडप बसवून घ्या. झोपण्याच्या एका खोलीला भक्कम दार आणि मोबाइलला चार्जिंग. घरच्यांनी त्या खोलीत जमून दार लावायचे आणि ११२ लावायचा, हे आधी ठरवून ठेवा.

शेतीचे विळे-कोयते घरात असणे गुन्हा नाही. बिनपरवान्याची ठासणीची बंदूक मात्र बचाव मान्य झाला तरी शस्त्र कायद्याचा वेगळा खटला ओढवते. परवान्याची बंदूक असेल तर परवान्यावर लिहिलेले क्षेत्र पाहा. कर्नाटकापुरता परवाना घेऊन चंदगडच्या शेतात बंदूक नेता येत नाही.

प्रसंग आला तर

मोठ्याने ओरडा, ‘कोण आहे, पोलिसांना फोन केलाय’. बहुतेक चोर आवाज आणि दिवा लागताच पळतात, पळू द्या. हे शेजारीही ऐकतात आणि पुढे साक्ष देतात. ११२ ला पहिल्याच वाक्यात जिल्हा, तालुका आणि गाव सांगा. सीमेवर पलीकडचा टॉवर लागला तर कॉल महाराष्ट्राच्या कंट्रोल रूमला जाण्याची शक्यता असते. हात उचलावा लागलाच तर हात-पायांवर, आणि तो थांबला की तुम्हीही थांबा.

जखमी झाला असेल तर १०८ लावा. तो मेला तरी त्याला हलवू नका, रक्त पुसू नका, काढलेली कौले, तुटलेला कोयंडा, त्याची पहार जिथल्या तिथे राहू द्या. हीच तुमची साक्ष आहे. कौले गोळा करून पुन्हा शाकारली, तर तो कुठून आला हे दाखवायला काही उरत नाही. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाने जागेवर येऊन पुरावा गोळा करण्याची तरतूद आता कायद्यात आहे. सीसीटीव्ही असेल तर जुने चित्रण पुसले जाण्याआधी डीव्हीआरच (चित्रण साठवणारा डबा) पोलिसांना द्या. नुसती पेन ड्राइव्हवरची प्रत पुरत नाही, साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. तुम्हालाही मार लागला असेल तर, खरचटले असले तरी, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवा आणि पोलीस केस म्हणून नोंद करायला सांगा. आठवड्याने दाखवलेली जखम कुणाची, हे सिद्ध करणे कठीण जाते.

ठाण्यात

तक्रार कन्नडमध्ये लिहिली जाईल. सही करण्याआधी ती वाचून दाखवणे कायद्याने बंधनकारक आहे. कन्नड समजत नसेल तर मराठीत सांगायला लावा, सोबत कन्नड वाचणारा माणूस न्या, आणि एफआयआरची प्रत मोफत मागा. अटक झाली तर कारणे तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगितली गेली पाहिजेत, आणि २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावे लागते. चौकशीच्या वेळी वकिलाला भेटता येते.

काय सांगायचे ते थोडक्यात: कोण आला, कुठून आला, हातात काय होते, कशाची भीती वाटली, तुम्ही काय केले. ‘जिवंत सोडणारच नव्हतो’ असले रागाचे वाक्य तोंडून जाऊ देऊ नका. ‘तो पडून मेला’ असली बनावट गोष्ट तर मुळीच नको. पुढे खरा बचाव मांडला तरी तो उशिरा सुचलेला वाटतो. बचाव होता हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर असते (साक्ष अधिनियम, कलम १०८), पण सरकार पक्षाइतका पक्का पुरावा लागत नाही. तसे घडले असण्याची शक्यता जास्त आहे एवढे पटले तरी चालते.

वकील परवडत नसेल तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवेची मदत मागा. खुनाचा किंवा सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदला गेला आणि अटकेची भीती असेल, तर अटकपूर्व जामिनाचा अर्ज आधी बेळगावच्या सत्र न्यायालयात करा. तिथे नाकारला गेला तर उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे.