दारू सुटल्यावरचे पहिले तीन महिने: पुन्हा घसरू नये म्हणून काय करायचं

व्यसनमुक्ती केंद्रात फाटक बंद असतं, जेवण वेळेवर मिळतं आणि खिशात पैसे नसतात. डिस्चार्ज मिळाला की या तिन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी बदलतात. म्हणून घरी आल्यावर काय करायचं याची आखणी घरी येण्याआधीच व्हायला हवी, आणि ती कागदावर हवी. ‘आता नाही पिणार’ हा निश्चय झाला. पगाराच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता कुठे असायचं, हे त्यातून कळत नाही.

सुरुवात अशी करा. समुपदेशकासोबत बसून मागच्या तीन वेळच्या पिण्याची हकिगत उलटी लिहून काढा. साधारण असं काहीतरी निघतं: बारमध्ये ग्लास हातात आला. त्याआधी शेजारच्या टपरीवर सिगरेटला थांबलो होतो. त्याआधी स्टेशनवरून रिक्षा न करता चालत निघालो. त्याआधी साहेबांनी चारचौघांत झापलं होतं. त्याआधी कामाच्या गडबडीत डबा तसाच राहिला होता.

आता बघा, ग्लास समोर आल्यावर ‘नको’ म्हणणं जवळजवळ अशक्य असतं. रिक्षा करणं सोपं असतं, डबा खाणं त्याहून सोपं. घटनांची ही साखळी सुरुवातीच्या कडीला तोडायची. तीन हकिगती लिहिल्या की एक-दोन कड्या पुन्हा पुन्हा दिसतात. बंदोबस्त त्यांचा करायचा. जगभर समुपदेशक चार कड्या आवर्जून विचारतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. आपल्याकडे पाचवी जोडायला हरकत नाही, ती म्हणजे हातात आलेली मोठी रक्कम.

भुकेचं आधी सांगतो, कारण तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. संध्याकाळी साडेपाच-सहाला पोटभर काहीतरी खा: पोहे, थालीपीठ, दोन केळी, काहीही. फक्त खारे शेंगदाणे, फरसाण, मसाला पापड काही महिने टाळा. चकण्याची चव जिभेवर आली की मेंदू पुढच्या घोटाची वाट बघू लागतो. सरबत किंवा कोल्ड्रिंकसुद्धा जुन्या काचेच्या ग्लासात नको. ‘झिरो अल्कोहोल’ बिअर तर अजिबात नको. वास, चव, बाटली सगळं तेच असतं.

पैशाचं गणित आता बदललं आहे. पाकीट रिकामं ठेवून भागत नाही, दारू यूपीआयवर मिळते. बहुतेक बँकांच्या अ‍ॅपमध्ये रोजची मर्यादा कमी करता येते, ती करून टाका. दुकानाचे, वेटरचे आणि घरपोच बाटली आणून देणाऱ्याचे नंबर काढून टाका, ‘बसण्याच्या’ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडा. पगार घरच्यांच्या हाती द्यायचा असेल तर मुदत ठरवून द्या, तीन महिने म्हणा. बेमुदत व्यवस्थेत रोज दहा रुपयांचा हिशेब मागितला जातो, आणि तो अपमान हीच नवी कडी होऊन बसते.

कॅलेंडर घेऊन धोक्याच्या तारखांवर खूण करा: गटारी म्हणजे आषाढी अमावास्या, धुळवड, ३१ डिसेंबर, गावची जत्रा, घरातलं लग्न. लग्नात हळद आणि वरात या दोन जागा खऱ्या अडचणीच्या. पहिल्या तीन महिन्यांत वरात सरळ टाळा, अक्षतांना जा, जेवा, निघा. परतायचं वाहन आपलं हवं. ‘भावजी सोडतील’ यावर राहिलं की भावजींचं आटोपेपर्यंत थांबावं लागतं. कुणी आग्रह केलाच तर ‘औषध चालू आहे’ म्हणू नका, कारण पुढचा प्रश्न ‘मग औषध संपल्यावर?’ असाच येतो. ‘मी सोडली आहे. चहा आहे का?’ एवढं पुरे. वाक्य आधी घरी मोठ्याने म्हणून बघा. विचित्र वाटतं, पण ऐनवेळी तेच तोंडात येतं.

तलफ येणारच. ती लाटेसारखी चढते, आणि खतपाणी घातलं नाही तर बहुधा पंधरा-तीस मिनिटांत ओसरते. घड्याळ बघा, जागा सोडा, दोन ग्लास पाणी प्या किंवा काहीतरी खा, आणि ठरवलेल्या तिघांपैकी एकाला फोन करा. ते तीन नंबर पाकिटात कागदावरही असू द्या. तलफ ओसरल्यावर वहीत वेळ, जागा आणि आधी काय घडलं ते एका ओळीत टिपा. दोन आठवड्यांच्या नोंदींत आपली कडी आपोआप दिसते.

झोप कित्येक आठवडे बिघडलेली राहते. मेडिकलमधून झोपेची गोळी मनाने आणू नका; अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते आणि दारूच्या जागी त्या येऊन बसतात. उठायची वेळ एकच ठेवा, दुपारची झोप टाळा, आणि फॉलो-अपला डॉक्टरांना सांगा.

औषधांबद्दल घोळ फार होतात. डायसल्फिराम ही दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देतात ती गोळी. ती चालू असताना दारू घेतली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत होऊ शकतो. म्हणून भाजीत किंवा चहात गुपचूप गोळी मिसळणं कधीही करू नका. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींच्या पुड्यांपासूनही लांब राहा, त्यांत काय आहे हे कुणी सांगत नाही. गोळी चालू असताना अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध, माउथवॉश, आसव-अरिष्टंही वर्ज्य. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर लगेच डॉक्टर गाठा. नाल्ट्रेक्सोन वेगळं: त्याने दारूची मजा आणि तलफ कमी होते. मात्र ते अफूवर्गातल्या वेदनाशामकांना अडवतं, म्हणून शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. अकॅम्प्रोसेट हे दारू सोडलेल्यांना देतात ते तिसरं औषध, ते देताना मूत्रपिंडाची तपासणी करतात. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी सोडणं ही घसरणीची सगळ्यात जुनी खूण आहे. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, चेहऱ्यावर तेज आल्यावर, फॉलो-अपही त्याच कारणाने चुकू लागतो.

फॉलो-अपची तारीख म्हणूनच डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या आणि घरातल्या एकालाही पाठ असू द्या. पुण्याच्या मुक्तांगणसारखी केंद्रं (ते १९८६ पासून चालू आहे) फॉलो-अपवर भर देतात. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेला गट, त्याच्या सभांना फी नसते, पिणं थांबवायची इच्छा एवढीच अट. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन आहे, आणि बायकोला किंवा आईला त्याची गरज रुग्णाइतकीच असते.

घरच्यांनी रोज तोंडाचा वास घेणं बंद करावं. संशय आलाच तर एकदा, शांतपणे, दोघंच असताना विचारावं. ‘प्यायलाच तर काय करायचं’ हेही दोघांनी शुद्धीत असताना आधीच ठरवून ठेवावं: गाडीची चावी कुणाकडे, फोन कुणाला, मुलं त्या रात्री कुठे.

आणि घोट गेलाच तर? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट यांनी दाखवून दिलं की खरा घात त्या घोटानंतरच्या विचाराने होतो: ‘आता गेलीच आहे, मग पुरती पिऊ.’ ग्लास तिथेच ठेवा, जागा सोडा, चोवीस तासांच्या आत एकाला खरं सांगा, दुसऱ्या दिवशी केंद्रात जा. त्या घोटाचीही साखळी उलटी लिहा.

पण पिणं पुन्हा रोजचं होऊन बरेच दिवस झाले असतील, तर घरी एकदम बंद करू नका. बंद केल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, भ्रम आणि ताप. हात थरथरणं, दरदरून घाम, असंबद्ध बोलणं दिसलं की थेट रुग्णालय.

गर्द किंवा इतर अफूवर्गातली नशा सोडलेल्यांचा धोका वेगळाच आहे. काही आठवड्यांच्या खंडाने शरीराची सहनशक्ती उतरते, आणि पूर्वीचाच डोस जीव घेतो. श्वास मंद, ओठ निळे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसल्या तर कुशीवर झोपवून १०८ ला फोन करा, काय घेतलं ते लपवू नका.

रात्री-अपरात्री बोलायला माणूस हवा असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ आणि राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६. हे दोन्ही नंबर पाकिटातल्या त्याच कागदावर, त्या तीन नावांच्या खाली लिहा.